बऱ्या दिवशी हात आवरणं: फायब्रोमायल्जिया आणि आपलं कोकणातलं रोजचं जगणं

पागोळी | २२ जून, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज दुपारपासून पाऊस धरून आहे, वीज आत्ताच आली, आणि उजवा खांदा ठणकत असल्यामुळे झोप लागणार नाही हे ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसले.

मी गुहागर तालुक्यातली, वय ४७. घर, आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग, एक गाय आणि उन्हाळ्यात आमसुलं, फणसपोळी, कोकम सरबत असा घरगुती उद्योग. सात वर्षांपूर्वी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. दीड वर्ष त्यांचं सगळं केलं. रात्रीत चार-चार वेळा उठणं व्हायचं. त्या गेल्या, आणि त्यानंतर दोन महिन्यांत माझं अंग दुखायला लागलं. आधी वाटलं दमणूक आहे, उतरेल. ती उतरलीच नाही. मान, खांदे, कंबर, मांड्या, तळपाय, कुठे म्हणून सांगू? सकाळी उठताना रात्रभर कोणीतरी मुसळाने कांडलंय असं अंग. साडीच्या निऱ्यांची गाठ कमरेला टोचायची. नातवंडाने येऊन मिठी मारली तरी कळ यायची, आणि त्या पोराला दूर करताना जे वाटायचं ते लिहवत नाही.

तपासण्या सगळ्या केल्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, अंगातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, संधिवातासाठी आरए फॅक्टर, कंबरेचा एक्स-रे. ड जीवनसत्त्व कमी निघालं, ते भरून काढलं, दुखणं होतं तिथेच. एका ठिकाणी सांगितलं, "रिपोर्ट उत्तम आहेत, मन रमवा." घरी येताना एसटीत तो कागद हातात धरून मी विचार करत होते, की रिपोर्ट उत्तम असल्याचं इतकं वाईट वाटणारी मी एकटीच असेन का.

तीन वर्षांनी भाचीने पुण्याला संधिवाततज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी माझ्यापुढे शरीराच्या एकोणीस भागांची यादी ठेवली आणि गेल्या आठवड्यात जिथे दुखलं तिथे खूण करायला सांगितलं. माझ्या चौदा खुणा झाल्या. मग विचारलं, "सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटतं का?" शेवटचं ताजं कधी वाटलं होतं ते मला आठवेना. "बोलता बोलता शब्द हरवतात का?" हो. आदल्याच दिवशी मी सुनेला "ती आमटी वाढायची... ती लांब दांड्याची..." असं म्हणत उभी होते. पळी. रोज हातात असलेली पळी.

त्यांनी नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. स्नायू सडलेले नाहीत, सांधे झिजलेले नाहीत, पण मेंदू आणि मज्जारज्जूत दुखण्याची वर्दी देणारी जी व्यवस्था आहे ती फार हळवी झालेली आहे. घरी आल्यावर ह्यांना समजावताना मी आमच्या मोत्याचं उदाहरण दिलं. राखणीचा कुत्रा चोर आला की भुंकतो, ते त्याचं कामच. पण एकदा बिबट्या अंगणात येऊन गेल्यावर आमचा मोत्या नारळाची झावळी पडली तरी रात्रभर भुंकायचा. चोर नव्हता, पण भुंकणं खरंच होतं आणि घरातल्या सगळ्यांची झोप खरीच जात होती. माझ्या दुखण्याचं तसंच आहे. हे ऐकून ह्यांनी पहिल्यांदा विचारलं, "मग आता त्याला शांत कसं करायचं?" त्याआधी तीन वर्षं सगळे विचारत होते, "नक्की दुखतंय ना?"

गेल्या दोन वर्षांत थोडंफार जमू लागलंय. दुखणं गेलेलं नाही. पण आठवड्यातले पाच दिवस आडवं पडायचे ते आता एखाद-दुसऱ्या दिवसावर आलंय. त्यातलं सगळ्यात मोठं शिक्षण एकच, आणि तेच लिहायला हा धागा काढला. वाईट दिवसाने माझं जितकं नुकसान केलं नाही तितकं बऱ्या दिवसाने केलं. बरं वाटलं रे वाटलं की मी साठलेली सगळी कामं उरकायची. एका एप्रिलमध्ये असंच बरं वाटलं म्हणून एका बैठकीत दोन टोपल्या रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडले. पुढचे चार दिवस चूळ भरायला हात तोंडापर्यंत जात नव्हता. आता रातांबे फोडायला बसले की मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावते. गजर झाला की हातातला रातांबा फोडायचा आणि उठायचं. बरं वाटत असलं तरी उठायचं. ते "तरी" फार अवघड आहे.

तुमच्यापैकी कोणाला हे आहे का? पावसाळ्यात काय करता? आणि गौरी-गणपती कसे निभावता?

लांजेकर_मास्तर | २२ जून, रात्री १०:०२

ताई, मी पुरुष आहे, ४१ वर्षांचा, शाळेत शिकवतो. मला हेच आहे. निदान व्हायला अडीच वर्षं गेली, कारण हा बायकांचा आजार असं सगळ्यांच्या डोक्यात. बायकांमध्ये प्रमाण जास्त आहे हे खरं, पण आम्हालाही होतो. फळ्यावर लिहिताना हात वर धरला की दहा मिनिटांत खांद्यापासून बोटांपर्यंत आग व्हायची. आता निम्मं लिखाण मुलांकडून करून घेतो, त्यांनाही आवडतं.

"बरं वाटत असलं तरी उठायचं" हे वाक्य वहीत लिहून ठेवलं.

आबोली | २२ जून, रात्री १०:३०

बाय गो, माझ्या आवशीक असाच होता. सगळी म्हणत, कामाचो कंटाळो. ती बिचारी रडत रडत भात लावूक जाय. आज तुझा वाचलंय आणि तिची लय आठवण इली. तेव्हा ह्या दुखण्याक नाव असता तर निदान माझ्या वडिलांनी तिका बोल लावले नसते.

पागोळी | २२ जून, रात्री १०:४१

आबोली मावशी, काय लिहू. तुमच्या आईला माझा नमस्कार.

सांजवात | २३ जून, सकाळी ७:१५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सिंधुदुर्गात काम करते. धागा वाचून राहवलं नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पागोळीताईंनी मोत्याचं उदाहरण दिलंय ते इतकं नेमकं आहे की मी ते माझ्या पेशंटना सांगणार आहे. हा आजार काही आजकालचा नाही. १९०४ साली गॉवर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी याला 'फायब्रोसायटिस' म्हटलं होतं, म्हणजे तंतूंना आलेली सूज. पुढे कळलं की सूज नाहीच, आणि १९७६ पासून फायब्रोमायल्जिया हे नाव रूढ झालं. १९९० च्या निकषांत अंगावरचे अठरा ठरावीक बिंदू दाबून बघायचे आणि त्यातले अकरा दुखले तर निदान. २०१० मध्ये ते बदललं. आता किती भाग दुखतात, झोप कशी, थकवा किती, विचारात गोंधळ होतो का, आणि हे तीन महिने टिकून आहे का, असं सगळं मिळून बघतात. म्हणून ज्यांना पूर्वी कोणी "बिंदू दुखत नाहीत, म्हणजे हे नाही" असं सांगितलं असेल त्यांनी पुन्हा विचारायला हरकत नाही.

व्यायामाबद्दल. २०१६ साली युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्यांनी ठाम शिफारस केली ती फक्त व्यायामाची. औषधं, कोमट पाण्यातले उपचार, योग, मनाच्या उपचारपद्धती, सगळं "उपयोग होऊ शकतो" या रकान्यात. पण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणींनी व्यायाम करून बघून सोडलेला असतो, आणि चूक त्यांची नसते. त्यांना पहिल्याच दिवशी "रोज अर्धा तास चाला" असं सांगितलेलं असतं. हळवी झालेली व्यवस्था तो अर्धा तास म्हणजे हल्ला समजते. मग तीन दिवस ठणका, आणि माणूस कायमचा घाबरतो.

सुरुवात इतकी कमी ठेवा की तुम्हाला लाज वाटेल. पाच मिनिटं. वाईट दिवशी जेवढं नक्की जमेल तेवढंच बऱ्या दिवशीही करा. दोन आठवडे तेच. मग एक-दोन मिनिटं वाढवा. दुसऱ्या दिवशी दुखणं नेहमीपेक्षा थोडं वाढलं आणि दिवसभरात खाली आलं तर चालेल. दोन-तीन दिवस चढंच राहिलं तर वाढवलेलं कमी करा, पण पूर्ण बंद करू नका. दोन-तीन महिन्यांआधी फरक शोधू नका.

पागोळी | २३ जून, दुपारी २:२०

सांजवात, तुमची पाच मिनिटं वाचून बरं वाटलं. मीही तिथूनच सुरू केलं. घरातून निघायचं, बेड्यापर्यंत म्हणजे कुंपणाच्या फाटकापर्यंत जायचं, परत यायचं. शेजारच्या काकू विचारायच्या, "काही विसरलीस का गो?"

आता पुळणीवर, समुद्राकाठच्या वाळूत, जाते. दोन गोष्टी अनुभवाने कळल्या, कोणाच्या उपयोगी पडल्या तर बघा. एक म्हणजे कोरड्या वाळूत चालायचं नाही. पाय रुततो, प्रत्येक पावलाला पोटऱ्या ओढल्या जातात. सुकतीच्या वेळी पाणी मागे गेल्यावर जी ओली, घट्ट वाळू राहते तिच्यावर चालायचं. दुसरं असं की, पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एकाच दिशेने चालत राहिलं तर एक पाय सतत खाली पडतो आणि त्या बाजूची कंबर धरते. मला हे कळायला महिना लागला. आता थोडं पुढे, थोडं मागे अशा छोट्या फेऱ्या मारते.

वेळ तिथीवर बघते. माझे सासरे सांगायचे तो हिशोब, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, आणि तिथून सहा तासांनी सुकती. चतुर्थी असेल तर तीनला भरती, नऊला सुकती. थोडं पुढेमागे होतं, पण फिरायला जायला पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पुळण मोकळी मिळते. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरतीच असते, त्या दिवसांत मी आगरातच पाटाच्या कडेने फेऱ्या मारते. पावसाळ्यात समुद्राकडे जायचंच नाही. पडवीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, १४ पावलं.

रानवाट | २३ जून, संध्याकाळी ६:५०

आमच्या इकडे एक जण पुडी देतात. जुनं अंगदुखीचं औषध आहे. माझ्या काकीला तीन दिवसांत फरक पडला, सहा महिन्यांत ती काठीशिवाय चालायला लागली. कोणाला हवं असेल तर विचारा. मी त्यात पैसे कमावत नाही, कोणाला बरं वाटावं एवढाच हेतू.

गोळीवाली | २३ जून, रात्री ८:०५

रानवाट दादा, तुमचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, म्हणून न रागावता वाचा. मी औषधाच्या दुकानात बावीस वर्षं उभी आहे. नाव नसलेल्या, लेबल नसलेल्या ज्या पुडीने दोन-तीन दिवसांत सगळं दुखणं पळतं, तिच्यात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी असते. काकींचा चेहरा गोल झालाय का? वजन वाढलंय का? अंगावर सहज काळेनिळे डाग पडतात का? साखर तपासली का? यातलं काहीही असेल तर पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि एक फार महत्त्वाचं, ती एकदम बंद करू नका. बरेच महिने स्टिरॉइड पोटात गेलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबतं. अचानक थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टर हळूहळू कमी करतात.

फायब्रोमायल्जियाला स्टिरॉइडचा उपयोग नसतोच. रोजच्या रोज डायक्लोफेनॅक घेणारेही माझ्याकडे येतात. सूजच नाही तर सुजेची गोळी काय करणार? पोट आणि मूत्रपिंड मात्र बिघडतात.

रानवाट | २३ जून, रात्री ९:३०

चेहरा खरंच सुजलाय. आम्ही समजत होतो तब्येत सुधारली. उद्याच नेतो. धन्यवाद ताई.

पेठकिल्ला | २४ जून, सकाळी ११:००

औषधांबद्दल कोणी सांगेल का? मला प्रेगाबालिन सुरू केलंय आणि दिवसभर गुंगी असते.

गोळीवाली | २४ जून, दुपारी १:१०

गुंगी, चक्कर, पायावर सूज, वजन वाढणं हे त्याचे नेहमीचे त्रास. डोस किंवा वेळ बदलून बऱ्याच जणांना फरक पडतो, पण ते डॉक्टरांना विचारूनच. गुंगीत गाडी चालवू नका, आपले घाट आणि वळणं माहीत आहेतच. या आजारासाठी अमेरिकेत २००९ पर्यंत तीन औषधांना खास मंजुरी मिळाली. प्रेगाबालिनला २००७ मध्ये, ड्युलोक्सेटिनला २००८ मध्ये आणि मिल्नासिप्रानला २००९ मध्ये. अमिट्रिप्टिलिन जुनं आणि स्वस्त, रात्री अगदी कमी डोसमध्ये देतात. त्याने तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही.

ड्युलोक्सेटिन आणि अमिट्रिप्टिलिन ही औदासीन्यावरची औषधं आहेत हे इंटरनेटवर वाचून माणसं दुखावतात, "म्हणजे मला वेडी ठरवली". तसं नाही. दुखण्याच्या वर्दीला लगाम घालणारी जी रसायनं मज्जारज्जूत असतात ती याने वाढतात. यातलं कुठलंही औषध मनाने एकदम सोडू नका.

पागोळी | २४ जून, दुपारी ३:४५

मी अमिट्रिप्टिलिन घेते. दुखणं त्याने फारसं कमी झालं असं नाही, पण झोप लागायला लागली आणि झोपेने बाकीचं बरंच केलं. गोळी आधी झोपताना घ्यायचे, तेव्हा सकाळी दहापर्यंत डोकं जड. डॉक्टरांनी रात्री आठला घ्यायला सांगितली, आता सहाला जाग येते.

झोपेचं म्हणाल तर, मला वाटतं आपण बायका तिथे फार सांडतो. सगळे झोपल्यावर भांडी, मग विरजण, मग सकाळची तयारी. मी घरात एकच सांगितलं, साडेनऊनंतर मला हाक मारायची नाही. पहिले पंधरा दिवस कुरकुर झाली. आता विरजण मुलगा लावतो, आणि दही अगदी कवडीचं लागतं.

कणकवली_ते_कळवा | २६ जून, रात्री ११:२०

माझी आई ६८ वर्षांची, गावी एकटी. तिचंही सगळं अंग दुखतं. हा धागा वाचून वाटलं तिला हेच असणार. गेल्या महिन्यापासून मान आणि खांदे, शिवाय डोकं दुखतं, ताप येतो, वजनही उतरलंय. व्यायाम सुरू करू का?

सांजवात | २७ जून, सकाळी ६:४०

दादा, व्यायाम नको, आधी डॉक्टर, आणि याच आठवड्यात. साठीनंतर नव्याने सुरू झालेलं खांद्यांचं दुखणं, सोबत डोकेदुखी, ताप, वजन घटणं, यामागे रक्तवाहिन्यांच्या सुजेचा आजारही असू शकतो आणि त्यात दृष्टीला धोका असतो. तिला विचारा, चावताना जबडा दुखतो का, दिसायला कमी-जास्त होतं का. हो म्हणाली तर आजच न्या. ईएसआर, सीआरपी करून घ्या.

बाकीच्यांसाठीही सांगते. एखादा सांधा सुजून लाल-गरम होणं, हातापायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, रात्री दरदरून घाम येणं, हे फायब्रोमायल्जियात बसत नाही. चिकुनगुनिया होऊन गेल्यावरही सांधे कित्येक महिने दुखतात, ते वेगळं. आणि निदान झालेलं असलं तरी उद्या नवं काही दुखलं तर ते "तेच असेल" म्हणून सोडू नका.

कणकवली_ते_कळवा | ३० जून, रात्री ९:०५

ईएसआर ९० च्या वर आला. आईला दाखल केलंय, उपचार सुरू झाले. सांजवात ताई, तुमचे उपकार विसरणार नाही.

बाणकोटचा_बाबू | ४ जुलै, संध्याकाळी ७:३०

माझ्या बायकोला सहा वर्षं हे आहे. इथे सगळे स्वतः सोसणारे लिहीत आहेत, मी बाजूला उभ्या असलेल्या माणसाचं लिहितो.

मी पहिली तीन वर्षं चुकलो. रोज संध्याकाळी आल्यावर विचारायचो, "आज बरं आहे का?" ती "नाही" म्हणाली की माझा चेहरा पडायचा. मग तिने "हो" म्हणायला सुरुवात केली. मला वर्षभर कळलंच नाही की ती माझ्यासाठी खोटं बोलतेय. आता आमच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या दारावर तीन खिळे आहेत आणि एक लाल बांगडी. बांगडी वरच्या खिळ्यावर म्हणजे ठीक. मधल्या म्हणजे स्वयंपाक ती करेल, बाकी आम्ही. खालच्या म्हणजे आज कोणी काही विचारायचं नाही, पेज मी करतो. बोलावं लागत नाही, तेच तिला सगळ्यात बरं वाटतं.

नारळ खवायचं काम पूर्ण माझ्याकडे घेतलं. विळीवर एक पाय मुडपून बसायचं, खांद्याने रेटा द्यायचा, दहा मिनिटं कंबर वाकलेली. आपल्याकडे रोज नारळ लागतोच, तेव्हा हे रोजचं दुखणं होतं आणि आम्हा कोणाच्या डोळ्याला दिसलं नव्हतं.

लांजेकर_मास्तर | ४ जुलै, रात्री ८:१२

बाबूशेठ, तीन खिळे आमच्या घरीही लागणार.

सोनचाफा | ९ जुलै, दुपारी १२:००

तुरळ-राजवाडीच्या गरम कुंडांचा फायदा होतो का? आमच्याकडे सांगतात की त्या पाण्याने वात जातो. आणि सरकारी प्रमाणपत्र मिळतं का? उभं राहण्याची नोकरी आहे.

सांजवात | ९ जुलै, रात्री ९:५०

ऊब या आजारात बहुतेकांना आराम देते, आणि कोमट पाण्यातल्या व्यायामाचा उपयोग अभ्यासांतही दिसलेला आहे. तुरळ, राजवाडी, आरवली, दापोलीकडचं उन्हवरे, आपल्याकडे झरे आहेत हे भाग्यच. आजार मुळापासून जाईल असं मात्र धरून जाऊ नका. पाणी काही ठिकाणी चांगलंच कढत असतं, आधी हाताने बघा. मधुमेहाने पाय बधिर असतील, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच उतरा. दहा मिनिटं पुरे. आणि तिथून घरी येईपर्यंत खड्ड्यांतून दोन तास गाडीत बसायचं असेल तर त्यापेक्षा घरचा बंब आणि न्हाणीघर बरं.

प्रमाणपत्राचं दुःखद आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात फायब्रोमायल्जिया नाही. पण डॉक्टरांकडून स्पष्ट चिठ्ठी घ्या, "सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहू नये, बसायला स्टूल द्यावं" अशी. "आराम द्यावा" अशा मोघम चिठ्ठीने काही होत नाही, स्टूल मात्र बऱ्याच ठिकाणी मिळतं.

पागोळी | ७ सप्टेंबर, रात्री ८:४०

काल बाप्पा गेले. गौरी-गणपती कसे निभावले ते लिहायला आले.

यंदा घरात अठरा माणसं होती. श्रावणातच मुंबईच्या दिरांना फोन करून सांगितलं होतं, की मी आजारी आहे, हे आजाराचं नाव, आणि यंदा तुम्ही पाहुणे म्हणून येऊ नका, घरचे म्हणून या. हात थरथरत होता. धाकटी जाऊ म्हणाली, "वहिनी, इतकी वर्षं बोलला का नाहीत? आम्हाला वाटायचं तुम्हाला आमचं येणंच नकोसं होतं, म्हणून तुमचं तोंड उतरलेलं असतं." मी फोन ठेवून बराच वेळ पडवीत बसून राहिले.

मोदक टेबलावर केले. उकड पुतण्याने मळली, सारण आदल्या दिवशी झालं होतं, आणि मी फक्त कळ्या पाडल्या. अकरा केले की उठायचं. खाली पाटावर बसून एकवीस-एकवीस करायचे ते दिवस आठवले, पण बाप्पाने टेबलावरचे मोदक काही कमी गोड मानून घेतले नसतील.

चुकलेही. गौरी यायच्या दिवशी सकाळी इतकं मोकळं वाटलं की चिंच घेऊन समया, ताम्हण, तांब्याचे हंडे सगळं घासायला बसले. गजर झाला, तो बंद केला. "एवढंच उरलंय" म्हणत तासभर घासलं. गौरीपूजनाच्या दिवशी मी माजघरात आडवी होते आणि गौरीला वाहायची ओवशाची सुपं दारातून बघत होते. जावेने सगळं केलं. आल्या-गेल्यांना तिनेच सांगितलं, "वहिनींना बरं नाही." कोणी नाक मुरडलं नाही. पूर्वी मी आठ-आठ दिवस झोपून असायचे, यंदा दोन दिवसांत उठले. तिसऱ्या दिवशी पडवीतली चौदा पावलं चालले.

आबोली | ७ सप्टेंबर, रात्री ९:१५

समयो पुढल्या वर्षी काळे रवांदेत गो. देवाक काय एक कळणा नाय त्येतला. तू उभी रव म्हणजे झाला.

बाणकोटचा_बाबू | ७ सप्टेंबर, रात्री ९:४०

ताई, दिरांना केलेल्या फोनचं बायकोला वाचून दाखवलं. तिने बांगडी काढून हातात धरली आणि म्हणाली, माझ्या माहेरी तूच फोन कर. उद्या करतो.

रानवाट | ८ सप्टेंबर, सकाळी १०:३०

काकीची पुडी डॉक्टरांनी अडीच महिन्यांत हळूहळू बंद केली. साखर वाढली होती, ती आता आटोक्यात येतेय. गुडघे दुखतात, त्याचं वेगळं बघतो आहोत. ज्यांना ती पुडी सुचवली होती त्या चार घरी स्वतः जाऊन सांगून आलो.

पेठकिल्ला | ८ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१०

पागोळीताई, पावसाने उघडीप दिलीय. मी अजून पाच मिनिटांवरच आहे, पण उद्या पहिल्यांदा पुळणीवर जाईन म्हणते. तो तिथीचा हिशोब पुन्हा सांगता का?

पागोळी | ८ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२५

उद्या द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडला भरती आणि सकाळी साडेसातला सुकती. सातला निघ. अजून लाटा मोठ्या आहेत, पाण्यापासून चांगली लांब राहा, पण वाळू ओली-घट्ट असेल तिथूनच चाल. अडीच मिनिटं झाली की मागे फिर. मीही त्याच वेळी इकडच्या पुळणीवर असेन.